शोध घ्यायला कोण शिकवणार?

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर, कशेळीचा पूल लागण्यापूर्वी, बाळकुम हे गाव लागते. आता ते ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि जुन्या घरांशेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. समजा, या गावातील सातवीच्या एका मुलीला शाळेने ‘आमच्या परिसराचा इतिहास’ हा प्रकल्प दिला. ती काय करील? दुकानातून चित्रे आणील, मोबाइलवर सापडलेला मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून काढील आणि वहीला रंगीत कव्हर घालील. तिला गुणही चांगले मिळतील. परंतु तिने इतिहास केवळ उतरवला, त्याचा शोध घेतला नाही. यात दोष तिचा नाही. शोध कसा घ्यावा हे तिला कोणी शिकवलेलेच नाही.

वास्तविक आपल्या जिल्ह्यात ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली सुरू झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले. त्याचे एक प्रमुख संस्थापक विनायक लक्ष्मण भावे त्या वेळी बावीस वर्षांचेही नव्हते. पुढे त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. त्यासाठी त्यांनी प्राचीन कवींची हस्तलिखिते जमवली. जुन्या पोथ्यांत एकाच ओवीचे निरनिराळे पाठ आढळतात. त्यांतला मूळचा कोणता, हे ठरवायचे तर दोन पोथ्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. ज्याने ग्रंथसंग्रह उभा केला तोच असा संशोधकही होता, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. मात्र ही विद्या शाळकरी मुलांपर्यंत फारशी पोहोचली नाही.

मुलांचा आणि खेड्यांचा विचार मोठ्या प्रमाणावर झाला तो बडोदे संस्थानात. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत मिळालेली अक्षरओळख पुढे पुसली जाऊ नये म्हणून ग्रंथालये हवीत, हे त्यांनी जाणले. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. तेथे मध्यवर्ती ग्रंथालय झाले, बालविभाग झाला आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. पुढे १९३१ मध्ये डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हा त्यांतला पहिला.

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने शालेय ग्रंथालयांची पाहणी केली, तेव्हा जुनीपुराणी पुस्तके, अनाकर्षक खोल्या आणि उदासीन देखभाल असे चित्र त्याला अनेक ठिकाणी दिसले. १९६७ मध्ये महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे सांगितले. कायद्याने कपाट मिळते. त्या कपाटापुढे उभे राहून प्रश्न कसा विचारावा, हे शिकवण्याचे काम मात्र शिक्षकाचे आणि ग्रंथपालाचेच आहे.

ते कसे करावे, याचे आपल्याला जवळचे वाटेल असे एक उदाहरण घेऊ. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना मरण पत्करावे लागले: टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डेमेट्रियस. आपल्या मुलांनी ही कथा ऐकलेली असते. त्यांना एकच प्रश्न द्यावा: हे आपल्याला कोणी सांगितले? शोध घेताना दोन साक्षीदार पुढे येतात. जॉर्डनस हे डोमिनिकन धर्मगुरू त्या चौघांचे सहप्रवासी. घटनेच्या वेळी ते ठाण्यात नव्हते, परंतु मृतांना सोपाऱ्यास त्यांनीच पुरले. त्यांची पत्रे उपलब्ध आहेत. दुसरे पोर्देनोनेचे ओडोरिक. ते नंतर आले, चौघांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेले आणि आपला वृत्तांत त्यांनी १३३० मध्ये पादुआ येथे सांगून लिहवून घेतला. त्यात अद्भुत प्रसंगही आहेत. हेन्री यूल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे साहित्य इंग्रजीत मिळते.

आता मुलांनी दोन रकाने आखावेत. एकात जॉर्डनसचे म्हणणे, दुसऱ्यात ओडोरिकचे. दोघे कोठे जुळतात? कोणी काय डोळ्यांनी पाहिले, काय लोकांच्या तोंडून ऐकले? घटना आणि लेखन यांत किती काळ गेला? प्रत्येक टिपणापुढे ग्रंथाचे नाव आणि पृष्ठक्रमांक लिहावा. एवढे केले तरी सातवीतल्या मुलाला साक्षीपुरावा म्हणजे काय हे कळते. यामुळे श्रद्धेला धक्का बसेल अशी भीती कोणी बाळगू नये. आपल्या पूर्वसूरींचे स्मरण अधिक नेमकेपणाने करणे हाही आदरच आहे.

हीच रीत घेऊन बाळकुमच्या मुलीने आपल्या गावाकडे वळावे. १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. त्याच्या चौदाव्या खंडात स्थळांची माहिती इंग्रजी वर्णानुक्रमाने दिली आहे. आपले गाव त्यात आहे की नाही हे तिने स्वतः पाहावे. नसले तर ‘या ग्रंथात आढळले नाही’ असे लिहिणे हेही संशोधनच होय. मग शाळेचे जनरल रजिस्टर, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी, सातबारा, आणि घरातली आजी. आजीने सांगितलेले तारीख घालून, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि नंतर कागदाशी ताडून पाहावे.

गॅझेटियर आणि मराठी विश्वकोश आता महाजालावरही वाचता येतात. मोबाइलला दोष देऊन काही साधणार नाही. कोणी लिहिले, कधी लिहिले आणि कशाच्या आधारे, हे तीन प्रश्न पडद्यावरील मजकुरालाही विचारता येतात. ते विचारण्याची सवय लहानपणीच लागली पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने आठवड्यातून एक तास ग्रंथालयासाठी राखावा, कपाटाची किल्ली त्या तासाला मुलांसमोर असावी आणि प्रकल्पाचे गुण सजावटीऐवजी आधारांना द्यावेत. बाळकुमसारख्या गावांत जुन्या घरांबरोबर जुनी माणसेही एकेक करून जात आहेत. आज सातवीत असलेल्या मुलांनी विचारले नाही, तर उद्या उत्तर द्यायला कोणी उरणार नाही.