वावर, लेआऊट आणि पाण्याची पाळी

नागपूर हे जुनं बागांचं गाव. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडीची बाग ह्या भोसल्यांच्या काळच्या. राजाच्या बागेला पाणी द्यायला राजाची माणसं होती. आज महाराजबाग कृषी महाविद्यालयाकडे आहे, म्हणून ती हिरवी आहे.

खेड्यांत अमराया होत्या. आमच्या गावची अमराई मालगुजाराची, पण सावली अन् खाली पडलेला आंबा साऱ्या गावाचा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, ते बरंच झालं. पण अमराईला मग कोणी वाली उरला नाही. एकेक झाड लाकडासाठी गेलं.

शहर वाढलं तसं आमच्या वावराचंही लेआऊट झालं. भावांनी विकायचं ठरवलं, मीही सही केली. बाबा जिथे पऱ्हाटी पेरत तिथे घरं उभी झाली. बगिच्यासाठी सोडलेल्या जागेत गाजरगवत माजलं. एका पावसाळ्यात वस्तीतल्या बायांनी ती जागा साफ केली अन् मला विचारलं, "काकाजी, काय लावायचं?"

मी म्हटलं, "लावणं सोपं आहे. मे महिन्यात पाणी कोण देईन, ते आधी ठरवा."

मग वहीत घरोघरच्या पाळ्या लिहिल्या. वांगी, भेदरं, सांभार लावला. कडेला शेवगा अन् गावरान आंबा. पहिल्याच उन्हाळ्यात अर्धी रोपं वाळली. पाळी चुकवणाऱ्यांत माझंही नाव होतं. वावर गेल्याची खंत धरून मी तिकडे फिरकलोच नव्हतो. शेजारच्या पोरीनं न सांगता माझं पाणी दिलं, म्हणून आंबा वाचला.

आता वही तिच्याकडेच असते. सातबाऱ्यावरून माझं नाव केव्हाच गेलं. वहीत बुधवार माझा आहे.