अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा व दूरचित्रवाणीचे उत्पन्न : एक ऐतिहासिक टिपण

अमेरिकेतील विद्यापीठांना क्रीडासामन्यांच्या प्रक्षेपणापासून मिळणारे उत्पन्न यापुढे टिकेल काय, हा प्रश्न आज तेथे वादाचा झाला आहे. या उत्पन्नाचा इतिहास तपासला असता असे दिसून येते की, त्याचे मान केवळ खेळाच्या लोकप्रियतेवर ठरले नाही. सामना विकण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता आणि प्रेक्षकाचा पैसा कोणत्या मार्गाने येत होता, या दोन गोष्टी अधिक निर्णायक ठरल्या.

प्रारंभी दूरचित्रवाणी हे संकटच वाटले. घरबसल्या सामना दिसू लागल्यास तिकिटे कोण घेणार, या भीतीने नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या मध्यवर्ती संघाने १९५१ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणावर निर्बंध घातले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने विरोध केला. परंतु प्रतिस्पर्धी संस्था खेळण्यास नकार देऊ लागताच त्यास माघार घ्यावी लागली. निर्बंधामुळे सामने दुर्मीळ झाले आणि दुर्मीळतेमुळे त्यांना मोल आले. १९८१ मध्ये ओक्लाहोमा व सदर्न कॅलिफोर्निया यांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांनी दाखविला, तर सिटॅडेल व ॲपलाचियन स्टेट यांचा केवळ चार केंद्रांनी. तरीही चारही संघांना सारखीच रक्कम मिळाली. या व्यवस्थेत मक्तेदारी होती, तशी एक प्रकारची समवाटणीही होती.

मोठ्या संस्थांना ही वाटणी जाचू लागली. ओक्लाहोमा व जॉर्जिया विद्यापीठांशी संबंधित दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जून १९८४ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी संघाची योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरविली. न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः नामांकित फुटबॉलपटू होते. त्यांनी भिन्नमत नोंदविताना, शिक्षणाशी निगडित हौशी खेळास निव्वळ व्यापाराचे नियम लावू नयेत, असे प्रतिपादन केले.

यानंतर विक्रीचा अधिकार हळूहळू कॉन्फरन्स नामक संस्थागटांकडे गेला. त्यांना बळ दिले ते केबलने. सामना पाहणारा आणि न पाहणारा असे दोघेही मासिक वर्गणीतून क्रीडावाहिनीचा खर्च भरत होते. बिग टेन या गटाने २००७ मध्ये स्वतःची वाहिनीच सुरू केली आणि २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरांहून अधिक मूल्याचे करार केले. उलट, पॅक-१२ या पश्चिम किनाऱ्यावरील गटास समाधानकारक करार मिळाला नाही. २०२४ पर्यंत त्याच्या बारांपैकी दहा संस्था निघून गेल्या आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट या दोनच मागे राहिल्या. लॉस एंजेलिसचे विद्यार्थी न्यू जर्सीच्या विद्यापीठाचे गटबंधू झाले.

आता तो आधारही खचतो आहे. केबलची वर्गणी सोडून इंटरनेटवरून हवे तेवढेच विकत घेणारा प्रेक्षक वाढत आहे. खेळ न पाहणाऱ्याने नकळत दिलेला पैसा त्यामुळे आटतो. याच वेळी देणी मात्र वाढली आहेत. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार माजी व विद्यमान खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २·८ अब्ज डॉलर द्यावयाचे आहेत. शिवाय प्रत्येक संस्थेस पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना वाटता येते. थकबाकीचा मोठा भाग संघाकडून संस्थांना होणाऱ्या वाटपातून वळता होत असल्याने, ज्यांना प्रक्षेपणाचा मोठा वाटा कधी लाभला नाही, अशा लहान संस्थांनाही तो सोसावा लागतो.

फुटबॉलच्या अंतिम स्पर्धेचा आणि बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा असे दोन्ही प्रमुख करार २०३२ मध्ये संपतात. थकबाकीची मुदत त्यापुढे जाते. त्या वेळी खेळ लोकप्रिय असेलच. तथापि केवळ लोकप्रियतेने उत्पन्नाची हमी मिळत नाही, हे १९५१ पासूनचा इतिहास सांगतो. उत्पन्न घटल्यास प्रथम कात्री लागेल ती पोहणे, कुस्ती, व्यायामी खेळ यांसारख्या, स्वतःचा खर्च न भागविणाऱ्या क्रीडाप्रकारांना. खेळ हा शिक्षणाचा भाग आहे की नाही, या व्हाइट यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर अखेरीस तेथेच मिळेल.