तळ्याच्या काठची भगवती

साल १५३०. मालवणच्या दर्याकडे पाठ करून तुम्ही आत, धामापूरच्या डोंगरांमधल्या घळीत उभे आहात. पाय तांबड्या मातीने माखलेत. शेजारून बायामाणसं डोक्यावर पाट्या घेऊन रांगेने जातात, माती ओततात, धुमसाने चेचतात आणि परत फिरतात. विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई इथे बांध घालतो आहे. धामापूर आणि काळसे, दोन्ही गावं कामाला लागली आहेत. तिकडे हंपीत कृष्णदेवरायाच्या मागे अच्युतदेवराय गादीवर बसलाय. दक्षिणेला पोर्तुगीज याच वर्षी आपली राजधानी कोचीहून गोव्याला आणत आहेत. इथे मात्र चिंता एकच: मिरगाआधी बांध पुरा व्हायला हवा.

मग पाऊस येतो. या मुलखात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, तरी शिमगा उलटला की विहिरींचा तळ दिसू लागतो. जांभा सच्छिद्र, उतार समुद्राकडे. पाणी थांबतच नाही. तुमच्या डोळ्यांदेखत यंदा ते बांधाशी अडतं आणि घळीचं तळं होतं. त्या तळ्याच्या काठावर गाव भगवतीला मानतं.

काही पिढ्या पुढे या. आता देवळाच्या पायरीवर उभे राहा आणि आत शिरताना मान जरा वाकवा. छप्पर मुद्दामच खाली उतरवलंय, म्हणजे वाऱ्याबरोबर आडवी येणारी सर भिंतीला झोडपणार नाही. भिंतीवर हात ठेवा. खाणीतून निघताना जांभ्याचा चिरा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. हवा लागली की टणक होतो. पण अंगभर भोकं असल्याने त्यावर बारीक नक्षी उमटत नाही. म्हणून कोकणातला कारागीर भिंत साधी ठेवतो आणि आपली सगळी हौस लाकडावर, खांबांवर आणि तुळयांवर फेडतो. घाटावरच्या काळ्या पाषाणातल्या देवळांशी तुलना करून या देवळांना साधी म्हणणारा माणूस पावसाळ्यात इथे आलेलाच नसतो.

सभामंडपात गुरव तुम्हाला बघतो. "खंयसून इलास? बसा वायच." पुढे मानकरी जमलेत, गाऱ्हाणं चाललंय, आणि दर मागण्यामागून एका आवाजात "व्हय म्हाराजा!" उठतं. मंडप म्हणजे गावाची कचेरी. भांडणं, पेरणी, देवीचा कौल, सगळं इथेच. बांधाचं काय करायचं हेही अशाच ठिकाणी ठरत असणार. मातीचा बांध दरवर्षी माया मागतो.

शेजारची म्हातारी तुम्हाला गोष्ट सांगते. लग्नघरातून फुलांचे दागिने परडीत घालून तळ्यात सोडले, की देवी ते सोन्याचे करून द्यायची. कार्य उरकलं की परत करायचे. एकदा कुणीतरी ठेवून घेतले आणि तेव्हापासून परडी रिकामीच राहिली. गोष्ट सोन्याची असली तरी मला ती पाण्याची वाटते. तळ्यातून गरजेपुरतं घ्या आणि तळ्याचं तळ्याला द्या, एवढं तीत भरलेलं आहे.

आता एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती चपटी कौलं गलबतांतून किनाराभर पोचू लागली. हाताने थापलेले नळे मागे पडले, पण छपराचा उतार तसाच राहिला.

डिसेंबर २०२०. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोग धामापूरच्या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान देतो. त्या यादीत पोचलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं स्थळ. मान तलावाला मिळाला, पण देऊळ वेगळं काढून तो समजणार नाही. विजयनगर गेलं, आदिलशाही गेली, सावंत आणि इंग्रज येऊन गेले. राजवटी बदलत असताना तळ्याशी नातं टिकलं, कारण काठावर गावाची देवी होती आणि तिच्यासमोर जमायची रीत मोडली नाही.

धामापूरला जाल तेव्हा दर्शन घ्याच, पण त्यानंतर बांधावरूनही चालत जा. देसायाने तो घातला. जवळजवळ पाचशे वर्षं तो धरून ठेवला तो नाव न उरलेल्या माणसांनी. वारसा हा शब्द मला त्यांच्यासाठीच वापरावासा वाटतो, आणि त्यांचं काम पुढे चालवणं आता आपल्याकडे आलं आहे.