सन १८७५ चे दंगे, कर्जरोखे व सार्वजनिक सभा

जुन्या दफ्तरांत कर्जरोखा सांपडला कीं आम्हां संशोधकांस आनंद होतो. परंतु भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें ता. १२ मे १८७५ रोजीं, बाजारच्या दिवशीं, रयत सावकारांवर उठली ती याच कागदांसाठीं. दंग्याचें लोण नगर जिल्ह्यांतही पसरलें. एकंदर ९५१ लोक पकडले जाऊन ५०१ जणांस शिक्षा झाल्या. मारहाण थोडी; मागणी मुख्यत्वें रोख्यांची, व ते हातीं येतांच जाळण्यांत येत. अमेरिकेंतील युद्ध १८६५ सालीं संपतांच कापसाचा भाव उतरला होता, सारा फेरपाहणीनें वाढला होता, आणि मुदतीच्या कायद्यामुळें रोखा वरचेवर नवा होऊन व्याज मुद्दलांत मिळत होतें. म्हणजे गाऱ्हाणें दुहेरी होतें: एक सरकाराविरुद्ध, दुसरें सावकाराविरुद्ध.

पुण्याची सार्वजनिक सभा १८७० सालीं निघाली. तिच्या सभासदास निदान ५० माणसांचें मुखत्यारपत्र आणावें लागे. तेव्हां लोकांतर्फे बोलण्याचा तिचा दावा पोकळ नव्हता. साऱ्याच्या बोज्याची चौकशी तिनें दंग्यांपूर्वींच आरंभिली होती. १८९६-९७ च्या दुष्काळांत, सभा टिळकपक्षाच्या हातीं असतां, तिच्या माणसांनीं सारासुटीचा हक्क रयतेस समजाविला; पुढें सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. ही किंमत लहान नव्हे.

दुसऱ्या गाऱ्हाण्याची वाट मात्र निराळी झाली. रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास १८७९ च्या कायद्यानें मिळाला, तो सरकारी कमिशनच्या चौकशीनंतर. न्या. रानडे यांनीं त्या कायद्याची अंमलबजावणी मनापासून केली खरी, पण ती न्यायासनावरून. १९०१ सालीं जमिनीच्या हस्तांतरास आळा घालणारें बिल मुंबईच्या कौन्सिलांत आलें, तेव्हां काँग्रेसचे पुढारी फेरोजशहा मेहता, गोखले प्रभृति सभात्याग करून गेले. रयतेची मालकी व पत बुडेल, हा आक्षेप विचारार्ह होता. परंतु सुप्याचें मूळ दुःख त्या वादांत मागें पडलें.

आमचें अनुमान इतकेंच कीं, चळवळीचा जो भाग सरकाराविरुद्ध मांडतां येई तो पुढाऱ्यांनीं उचलला; जो देशी धनकोंस बोचे तो बाजूस राहिला. याची पारख नीट व्हावयास साधनें हवींत. १८६० ते १८७५ मधील भीमथडी, शिरूर, पारनेर व श्रीगोंदें तालुक्यांचे रोखे ज्या संग्राहकांजवळ असतील त्यांनीं ते रद्दी समजूं नयेत. जळालेल्या रोख्यांत काय लिहिलें होतें, हें उरलेल्या रोख्यांवरूनच कळावयाचें आहे.