एका पेनीचे मोल

घरपट्टीची गोष्ट निघाली की लोक प्रथम दर विचारतात. तुमच्या गावी किती, आमच्या गावी किती; आणि जेथे दर अधिक तेथील कारभार उधळा, असा निकाल देऊन मोकळे होतात. आमचे आयुष्य कामगारवस्त्यांत गेले. शिक्षण शाळेत थोडे आणि संपाच्या मांडवात अधिक झाले. ही तुलना किती फसवी आहे हे आम्हांस उमगले ते लंडनमधील पॉपलर या गोदी कामगारांच्या वस्तीचा इतिहास वाचून.

त्या काळी लंडन कौंटीत २८ बरो होते, म्हणजे एका परीने २८ नगरपालिकाच. घराचे वार्षिक भाडेमूल्य ठरवून त्यातील दर पौंडामागे अमुक पेन्स अशी पट्टी बसे. मजूर भाडेकरू ती बहुधा भाड्यातूनच भरी. पौंडामागे १ पेनी बसविली तर वेस्टमिन्स्टरमध्ये ३१,७१९ पौंड जमत; पॉपलरमध्ये अवघे ३,६४३. म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या १ पेनीइतका पैसा उभा करण्यास पॉपलरला जवळजवळ ९ पेन्स बसवावे लागत!

गरज मात्र नेमकी उलट. महायुद्धानंतर बेकारी वाढली होती आणि गोदीतील काम रोजंदारीचे. वर्कहाउसबाहेर राहणाऱ्या गरिबांना द्यावयाच्या साह्याचा भार त्या त्या वस्तीवरच पडे. शिवाय लंडन कौंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा यांचा वाटाही घरपट्टीतूनच द्यावयाचा. जेथे भूक अधिक तेथेच पट्टी अधिक, असा हा न्याय होता.

मार्च १९२१ मध्ये जॉर्ज लान्सबरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वाटा वसूल न करण्याचा ठराव केला. प्रकरण न्यायालयात गेले. सप्टेंबरमध्ये ३० सभासद तुरुंगात गेले. पुरुष ब्रिक्स्टनला, स्त्रिया हॉलोवेला. पुढे कौन्सिलच्या सभा तुरुंगातच भरू लागल्या आणि स्त्री-सभासदांना त्यासाठी ब्रिक्स्टनला आणीत.

सारा मजूर पक्ष त्यांच्या पाठीशी होता असे मात्र कोणी समजू नये. हॅकनेचे हर्बर्ट मॉरिसन हे मजूर पक्षाचेच. पण कायदा मोडल्याने पक्षाच्या कारभाराची पत जाईल, असे त्यांचे म्हणणे. आम्ही हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. संघटना चालविणाऱ्यास नियमाची किंमत ठाऊक असते. परंतु अर्जविनंत्यांनी जे हलले नाही ते सहा आठवड्यांच्या कारावासाने हलले, हेही खरे. १२ ऑक्टोबरला सुटका झाली. त्याच वर्षी कायदा होऊन गरिबांच्या साह्याचा खर्च साऱ्या लंडनवर वाटला गेला. श्रीमंत बरोंची पट्टी गरीब वस्तीच्या कामी येऊ लागली.

या विजयाचे मोलही द्यावे लागले. तुरुंगात गेलेल्या मिनी लान्सबरी १ जानेवारी १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी वारल्या.

म्हणून आमची विनंती एवढीच की, दोन गावांची घरपट्टी ताडून पाहताना केवळ दर पाहू नये. त्या दराने पैसा किती जमतो, तो कोणाच्या खिशातून येतो आणि त्यावर किती तोंडे अवलंबून आहेत, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. पॉपलरच्या सभासदांनी ते विचारले. आणि उत्तर मिळेपर्यंत ते तुरुंगात बसले.