कवटी कुणाची, नोंद कुणाची?

ऑक्टोबर २०२४मध्ये इंग्लंडमधील टेट्सवर्थ येथील एका लिलावगृहाच्या यादीत एक मानवी कवटी विक्रीस आली. एकोणिसाव्या शतकातील, शिंगे जोडलेली नागा कवटी, अंदाजित किंमत ३,५०० ते ४,००० पौंड. नागालँडमधून तीव्र निषेध झाला. मुख्यमंत्री नेफिऊ रिओ यांनी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांना पत्र लिहिले आणि लिलावगृहाने ती कवटी विक्रीतून काढून घेतली. मात्र असे अवशेष तेथवर पोहोचले कसे, हा प्रश्न भारतातील मानववंशशास्त्राच्या इतिहासात शिरल्यावाचून सुटत नाही.

ब्रिटिशांनी १८६६मध्ये नागा हिल्स जिल्हा स्थापन केला आणि १८७९मध्ये खोनोमाच्या अंगामी योद्ध्यांशी त्यांचा घनघोर संघर्ष झाला. पुढे याच डोंगरांत जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स हे प्रशासक म्हणून आले. हटन यांचे अंगामी व सेमा नागांवरील ग्रंथ १९२१मध्ये, तर मिल्स यांचा ल्होथा नागांवरील ग्रंथ १९२२मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथांचे अभ्यासमूल्य आजही मोठे आहे. परंतु ज्याच्या हाती दंडाधिकार होता, त्याच्याच हाती टिपणवही होती. अशा अधिकाऱ्याने एखादी वस्तू मागितली, तर गावकऱ्याच्या होकाराला संमती म्हणता येईल काय? या दोघांनी जमवलेल्या वस्तू मोठ्या संख्येने ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात गेल्या. तेथील सुमारे साडेसहा हजार वस्तूंचा नागा संग्रह जगात सर्वांत मोठा मानला जातो आणि त्यात मानवी अवशेषही आहेत.

संग्रहालयात वस्तूबरोबर तिची नोंदही जाते. त्या नोंदीत संग्राहकाचे नाव ठळक असते. गावाचे नाव कधी असते, कधी नसते. मृत माणसाचे नाव मात्र क्वचितच सापडते. हीच नोंद पुढे संशोधकांची विदा बनते, ग्रंथांत उद्धृत होते, संगणकीय सूचीत चढते आणि जगभर पसरते. पूर्वजाची ‘विजयचिन्ह’ अशी वर्गवारी एकदा झाली की ती दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच्या वंशजांकडे उरत नाही.

२०२०मध्ये पिट रिव्हर्स संग्रहालयाने मानवी अवशेष प्रदर्शनातून हटवले. त्यानंतर ‘फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन’ या मंचाने पुढाकार घेतला. डॉली किकोन आणि आर्कोटोंग लोंगकुमेर हे मानववंशशास्त्रज्ञ या कार्यात सामील झाले. गावोगावी चर्चा झाल्या, ज्येष्ठांच्या आठवणी नोंदवल्या गेल्या. जून २०२५मध्ये नागा ज्येष्ठ व अभ्यासकांचे शिष्टमंडळ ऑक्सफर्डला जाऊन आले.

परंतु ‘परत करा’ एवढे म्हणून प्रश्न संपत नाही. शिर कापून आणण्याच्या जुन्या प्रथेतील कवटी मारल्या गेलेल्याच्या गावाची की मारणाऱ्याच्या? नागा समाज नागालँड, मणिपूर, अरुणाचल प्रदेश, आसाम आणि म्यानमार यांत विभागलेला आहे, मग निर्णय कोणी घ्यावा? डीएनए तपासणी नात्याचा काही सुगावा देऊ शकेल. मात्र त्यासाठी हाडाचा अंश काढावा लागेल आणि हयात लोकांच्या नमुन्यांशी तो ताडून पाहावा लागेल. म्हणजे जुन्या विदेचा वाद सोडवताना नवी विदा निर्माण होईल आणि तिच्यावर ताबा कोणाचा, हा प्रश्न पुन्हा उभा राहील. तो प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

कायद्याचा आधारही अपुरा आहे. भारताचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीला हक्क देतो, समूहाला नाही. शिवाय संशोधन व अभिलेखनाला त्यात अटींसह सूट आहे. संविधानाचे कलम ३७१-अ नागांच्या धार्मिक-सामाजिक प्रथांना आणि रूढ कायद्याला संरक्षण देते, पण ते परदेशातील कपाटापर्यंत पोहोचत नाही. २०१६मध्ये मांडली गेलेली ‘फेअर’ तत्त्वे विदा शोधता यावी, मिळावी, जुळावी आणि पुन्हा वापरता यावी, असे सांगतात. त्यांना पूरक म्हणून २०१९मध्ये आदिवासी विदेसाठी ‘केअर’ तत्त्वे पुढे आली: सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, उत्तरदायित्व आणि नैतिकता. खुलेपणा हे विज्ञानाचे मूल्य खरेच. परंतु काय खुले करावे, हे ठरवताना ज्यांची विदा आहे त्यांचा आवाज निर्णायक असावा, असा या तत्त्वांचा आग्रह आहे.

हा इतिहास केवळ ब्रिटिश काळापुरता नाही. आजचा विद्यार्थी आदिवासी पाड्यावर जाऊन भ्रमणध्वनीवर गाणी, औषधी वनस्पतींची नावे किंवा अंत्यविधी ध्वनिमुद्रित करतो, तेव्हा तोही एक संग्रह उभारत असतो. मुद्रण कोठे राहील, कोण ऐकेल, कोणाचे नाव लागेल आणि गावाने पुढे ‘हे काढून टाका’ म्हटले तर काय होईल, हे मुद्रण सुरू करण्यापूर्वीच गावाशी बसून ठरवावे लागते. नागा पूर्वजांच्या बाबतीत ही बैठक शंभर वर्षे उशिरा होत आहे.