गणेशखिंडीतला वाडा

मुंबई इलाख्याच्या इंग्रज गव्हर्नराचे वर्षाला तीन मुक्काम असत. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे. या पुण्याच्या मुक्कामासाठी जो वाडा उठला, तो गणेशखिंडीतला. त्याला गव्हर्नमेंट हाऊस म्हणत.

सर बार्टल फ्रियर यांच्या अमदानीत, १८६४ साली बांधकामाला हात लागला. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला तेव्हा सोन्याचे मोल आले होते. पुढल्याच वर्षी यादवी संपली, भाव कोसळले. वाड्याचा खर्च मात्र वाढतच राहिला. त्याचा बोभाटा थेट विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. १८७१ साली वाडा पुरा झाला.

आराखडा जेम्स ट्रबशॉ या इंग्रजाचा, घाट इटालियन आणि दगड आपल्या मुलखातला, करड्या रंगाचा. कमानींच्या ओळी, प्रशस्त दिवाणखाने आणि वर उंच मनोरा! वाइट बेटावरच्या ऑस्बॉर्न हाऊस या व्हिक्टोरिया राणीच्या उन्हाळी वाड्याची आठवण व्हावी, असेच हे रूप आहे.

वर्गात १८९७ साल शिकवताना मी फळ्यावर दोन तारखा लिहितो. पहिली १० मार्च. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुल्यांना त्याच रोगाने गाठले आणि त्या दिवशी त्या गेल्या. दुसरी तारीख २२ जून. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून याच वाड्यात दिव्यांचा लखलखाट होता. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली सोजिरांनी लोकांच्या माजघरात, देवघरात शिरून केलेला जुलूम शहर विसरले नव्हते. मेजवानीहून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चाफेकरांनी गोळी झाडली. बाळकृष्णांच्या गोळीने आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मेला.

पुढे स्वराज्य आले. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि हा वाडा विद्येच्या पदरात पडला. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले.

मुले विचारतात, "गुरुजी, त्या कधी या वाड्यात गेल्या होत्या का हो?" मी म्हणतो, "बाळांनो, त्यांनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींना धुळाक्षरे शिकवली. आज मुली या वाड्याच्या पायऱ्या चढतात, त्या तिथूनच चढत आल्या आहेत."